येसराचा फोटो

माझ्या स्टुडिओत आलेलं माणूस दोन शेड उजळ होऊनच बाहेर पडायचं. बढाई मारत नाही, आमच्या धंद्याची रीतच तशी. औरंगपुऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, तीस वर्षं होऊन गेली. पासपोर्ट काढले, बारशी काढली, रिटायर होणाऱ्या मास्तरांचे हारासकट फोटो काढले, पण खरं घर चाललं ते स्थळाच्या फोटोंवर. कन्नड, वैजापूर, सिल्लोडकडून मुली यायच्या. बरोबर बाप नाहीतर थोरला भाऊ. मुलगी स्टुलावर बसली की बाप माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "जरा उजळ येऊ द्या, भाऊ." एखादा बाप काही बोलला नाही तरी मी आपलं उजळ करून द्यायचोच. चेहऱ्याला पावडर, दोन्ही बाजूंनी लाइट, आणि लॅबवाल्याला निरोप, की जरा फिका काढ. पुढं कॉम्प्युटर आला आणि तेच काम माउसवर आलं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट लोक आपल्याला दुवा देत असतील, असंच मी धरून चाललो होतो.

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की येसराचा फोटो काढताना मी जी माती खाल्ली, ती ह्याच सवयीपायी.

गेल्या साली दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दुकानात चिटपाखरू नव्हतं. मोबाइल आल्यापासून असे दिवस वाढलेत, आणि अशा दिवशी माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं असतं. दुपारी एक बाई आत आली. पंचेचाळिशीची, सावळी, हातात स्टीलचा डबा. मागं तिची मुलगी, बावीस-तेवीसची. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला आहे, हे पुढं कळलं.

"दादा, फोटो काढायचाय."

"पासपोर्ट का?"

"नाय. ह्याचा," असं म्हणून तिनं डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं.

आत येसर होता. वास असा आला, की मी जेवलो नव्हतो हे मला एकदम आठवलं. ज्यांना येसर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, दगडफूल आणि बाकीचा मसाला वेगवेगळा भाजायचा, मग एकत्र दळायचा. ती पूड पाण्यात कालवून उकळली आणि वरून लसणाची फोडणी दिली, की झाली येसर आमटी. आमच्याकडं लग्नघरात पत्रिका छापायच्या आधी येसर भाजून ठेवतात. त्या वासानं मला माझं स्वतःचं लग्न आठवलं, आणि लग्नात आमटी कमी पडल्यावर माझ्या सासऱ्यांचा झालेला चेहरापण आठवला.

"ह्याचा फोटो? कशाला?"

मुलीनं नीट समजावून सांगितलं. मुकुंदवाडीत ह्यांचा चार बायकांचा गट आहे, येसर आणि काळा मसाला करून विकतात. संक्रांतीच्या सुमारास शहरात महिला गटांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथं जागा मिळाली की वर्षभराची गिऱ्हाइकं जोडली जातात. पण जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. अर्जासोबत मालाचे पाच फोटो आणि नमुन्याची पुडी द्यायची. निवडणारे आधी फोटो बघतात. फोटो पसंत पडला तरच पुडी फोडतात आणि चव घेतात. दोन वर्षं ह्यांची पुडी कुणी फोडलीच नव्हती.

"ही तिसरी खेप," बाई म्हणाली. "चौघींनी ठरवलंय, औंदा नाय जमलं तर गट मोडायचा. मी पयलं दवाखान्यात झाडूफरशी करायचे. तिथला मुकादम म्हणतोय, परत ये. जाईन मग."

रडगाणं नव्हतं. बस किती वाजता आहे हे सांगावं, तसं तिनं सांगितलं.

मी म्हणालो, आधीचे फोटो दाखवा. मुलीनं मोबाइल पुढं केला. काय सांगू! गुलाबाच्या फुलांचं प्लास्टिकचं टेबलक्लॉथ, त्यावर पाकीट, पाकिटावर फ्लॅशचा पांढरा फटकारा, त्यात नाव गायब. एका फोटोत पाकिटापेक्षा मागची गॅसची टाकी ठळक. एकात कुणाचा तरी अंगठा. मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो.

"सोडा, ताई," मी म्हणालो. "उद्या या. असा फोटो काढतो की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे."

ती गेली, डबा ठेवून गेली. मी लागलीच कामाला लागलो. पांढरा कागद अंथरला, दोन मोठे लाइट लावले, काचेच्या वाटीत येसर घेऊन त्याचा चमच्यानं छान टोकदार ढीग केला. कडा पुसल्या. तासभर खपलो. शेजारचा चहावाला कप न्यायला आला, स्क्रीनवर वाकून म्हणाला, "क्या उस्ताद, मिट्टी के फोटो कबसे निकालने लगे?" मी त्याला हाकललं. संध्याकाळी घरी तेच फोटो बायकोला दाखवले. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अहो, हे गांडूळखत कुणाचं?"

मी ताटावरून उठलो नाही एवढंच. पण ती खोटं बोलत नव्हती. तपकिरी भुकटीवर चारी बाजूंनी उजेड ओतला की तिला ना खोली राहते ना कण दिसतो. नवरीच्या चेहऱ्यावर जी युक्ती चालते ती मसाल्यावर चालत नाही, हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण तीस वर्षांत मी मसाल्याचा फोटोच काढला नव्हता. तसं कबूल मात्र केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. मी तयारीत होतो. केळीचं पान आणलं होतं, घरातलं पितळी पातेलं घासून आणलं होतं, आणि गुलमंडीवरून झेंडूची फुलं. मधोमध येसर, भोवती सगळी आरास. बाई भिंतीला टेकून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "दादा, येसरात झेंडू घालत नायत."

मुलगी तोंडावर हात घेऊन हसली. माझं टाळकं सटकलं. "ताई, तुम्ही येसर करा, फोटो मला काढू द्या!"

मी वीस-पंचवीस फोटो काढले. एकातही जीव नव्हता, आणि ते मला दिसत होतं, म्हणून मी आणखीच चिडून लाइट इकडं तिकडं ओढत होतो. शेवटी तिनं न विचारता पुढं होऊन चिमूटभर येसर उचलला आणि डाव्या तळहातावर अंगठ्यानं रगडला.

"हे बघा. घेणारी बाई असं करून बघती. खोबरं नीट भाजलं असंल तर तेल सुटतं. पान-फुलं कोण बघतंय?"

तळहाताच्या रेषांत येसर बसला होता आणि मधोमध तेलाची बारीक चकाकी होती. माझं बोट आपोआप दाबलं गेलं. तीन फोटो निघाले. मागं स्क्रीनवर बघितलं आणि मी खुर्चीतच बसलो. हाच फोटो होता. कण न् कण दिसत होता, अंगठा दिसत होता, एक बाई तुम्हाला आपला माल दाखवतेय हे दिसत होतं. "जमलं, ताई!" मी ओरडलो, जसं काही ते मलाच सुचलं होतं. "उद्या प्रिंट घेऊन जा."

त्या गेल्यावर मी तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला. आता तिचा हात कसा होता ते सांगतो. कढईच्या कडेनं भाजल्याचे दोन काळे डाग, बोटांच्या टोकांना चिरा, कातडी निबर. मी आधी डाग काढले. मग चिरा बुजवल्या. मग हात दोन शेड उजळ केला, आणि हाताबरोबर येसरही उजळला. बेसनाच्या लाडवासारखा पिवळट, गोड दिसायला लागला. मला लई आवडला. मोठी प्रिंट काढली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि काउंटरवर अशी ठेवली, की येणाऱ्याची नजर पहिली तिच्यावरच पडावी.

बाई एकटीच आली. प्रिंट हातात घेतली, बघितली, आणि दुकानाच्या दारात गेली. बाहेरच्या उजेडात धरून बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. परत येऊन तिनं प्रिंट हळूच काउंटरवर ठेवली.

"दादा, हा कुणाचा हात हाय?"

"कुणाचा म्हणजे? तुमचाच."

"नाय. माझा नाय. अन् येसर बी माझा नाय."

"अहो ताई, मालाच्या फोटोत भाजल्याचे डाग बरे दिसतात का? जरा साफ केलंय, दुसरं काय! सगळेच करतात."

"पुडी फोडतील तवा आतून काळसर येसर निघंल. मग काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत."

"म्हणतात," ती म्हणाली. "मला ठावं हाय काय म्हणतात ते."

मग तिनं स्टूल ओढलं. तेच, मुली बसायच्या ते. त्यावर बसून तिनं जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"तुम्ही माझा फोटो काढलाय. पंचवीस वर्सं झाली. देवगाव रंगारीहून बापासंगं एस्टीनं आले होते. ह्याच स्टुलावर बसवलं होतं तुम्ही. पावडर दिली लावायला, अन् तुम्हीच म्हणला होता, हसू नको, दात दिसतात. फोटो लई देखणा आला. बाप तर खिशात घेऊन फिरायचा, सगळ्या वस्तीला दाखवायचा. त्या फोटोवर पाव्हणे आले, जीप भरून. मी पोह्याच्या बशा घेऊन भाईर आले. त्यातली एक बाई फोटोकडं बघायची, माझ्याकडं बघायची, परत फोटोकडं. मग माझ्या आईला म्हणली, 'फोटोतली पोरगी कुठंय? तिला बोलवा की.' थट्टा नव्हती करत, दादा. तिला खरंच वाटलं, मी धाकटी बहीण हाय."

मी काउंटरवरची प्रिंट उलटी करून ठेवली.

"पोहे तसेच राहिले. बाप आठ दिस माझ्याशी बोलला नाय. माझी काय चूक होती सांगा. तसं पुढं वाईट काय झालं नाय म्हणा, नंतरचं स्थळ बिगर फोटोचं आलं, अन् मालक बरे मिळाले. पण ते वाक्य अजून कानात हाय. म्हणून म्हणते, जसा हाय तसा काढा. नाय निवडला तर नाय. पण पुडी फोडून कुणी म्हणू नाय, की फोटोतला येसर कुठंय."

मी तिचा चेहरा निरखत होतो. आठवेना. किती आठवलं तरी आठवेना. हजारांनी मुली त्या स्टुलावर बसून गेल्या, त्यांतल्या कुणाकुणाच्या घरी अशी जीप गेली असेल, हे माझ्या मनात पहिल्यांदा आलं. तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि माझ्या लेखी ती एक दुपार होती, जी मला आठवतसुद्धा नव्हती. लाज वाटली. सरळ सांगतो, लई लाज वाटली. 'चुकलं' हा शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही, बायकोला विचारा. त्या दिवशी निघाला.

"मग एवढं झाल्यावर तुम्ही माझ्याकडंच कशा आलात?" मी विचारलं.

"फोटो चांगलाच काढता की तुम्ही," ती म्हणाली. "फक्त जास्तीचं घालू नका." मग उठून पदर सावरत म्हणाली, "उद्या सकाळी कढई लागणार हाय. घरीच या. तिथं बघा कसा असतो येसर."

सकाळी कॅमेरा घेऊन मुकुंदवाडीत गेलो. सवयीनं दोन लाइटपण पिशवीत टाकले होते. दोन खोल्यांचं घर, दार उत्तरेला, दाराबाहेर अरुंद अंगण आणि समोर शेजाऱ्याची भिंत. आत भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिला ताजा हार. दाराच्या आत दोन हातांवर शेगडी, शेगडीवर लोखंडी कढई, आणि कढईपुढं ती. बाकीच्या तिघी निवडत, पाखडत होत्या. मला चहा मिळाला, बसायला पाट मिळाला, आणि मग तिथं मी आहे हे सगळ्या विसरून गेल्या.

मी जे बघितलं ते असं. आधी गहू. एकटे गहू, दुसरं काही नाही. ती उलथनं फिरवत होती आणि मधेच चार दाणे उलथन्यावर घेऊन उंबऱ्यापर्यंत जायची. उजेडात धरायची, बघायची, परत यायची. पुन्हा फिरवायची, पुन्हा उंबरा. तिसऱ्या खेपेला कढई उतरवली. मग डाळ, तसंच. मग बाजरी. दर जिन्नसाला तीन-चार फेऱ्या. गुडघे दुखत असणार, उठताना हात टेकत होती, पण एक फेरी चुकवली नाही.

"इथं बल्ब आहे की डोक्यावर," मी म्हणालो. "दारात कशाला जाता सारखं?"

"बल्बखाली सगळंच भाजल्यासारखं दिसतं, दादा. कच्चं बी भाजल्यासारखं. खरं काय ते दारात कळतं."

वा रे वा! तीस वर्षं मी दिवे विकत घेतले, दिव्यांवर लावायच्या छत्र्या घेतल्या, लाइटिंगच्या शिबिरांना पुण्यापर्यंत जाऊन आलो. आणि ही बाई उलथनं घेऊन उंबऱ्यावर जात होती आणि मला माझाच धंदा शिकवत होती. तिला ते ठाऊकही नव्हतं.

धन्यांच्या वेळी एक गंमत झाली. ती धने उंबऱ्यावर घेऊन गेली आणि तिथंच थांबली. परत आली ती तोंड वाकडं करूनच. "गेले," म्हणाली, आणि सगळी कढई एका सुपात ओतून बाजूला सारली. मी सुपात डोकावलो. मला तर चांगले खरपूस दिसत होते. एक बाई कुरकुरली, "अगं, एवढं कुणाला कळतंय? उद्या अर्ज द्यायचाय, परत कधी भाजायचं?" ती म्हणाली, "मला कळतंय की." आणि नवे धने कढईत टाकले. मला तेव्हा त्या बाईबद्दल जे वाटलं ते मी माझ्या गुरूबद्दलही कधी बोललो नाही, पण इथं लिहितो: असं काम मला एक दिवस तरी करता यावं.

दळण झालं, येसर परातीत आला, आणि मी लाइटची पिशवी न उघडता बाजूला ठेवली. आधी बल्ब बंद करायला सांगितला. दोन तऱ्हेचे उजेड एकमेकांत मिसळले की रंग खोटा पडतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, आता दिसलं. उंबऱ्याच्या आत एक जुनं गोणपाट अंथरलं, त्यावर परात. उजेड एकाच बाजूनं, दारातून, मऊ येत होता. दुसऱ्या बाजूला सावली जास्त पडत होती. तेवढ्यात त्यांची धान्य वाळवायची पांढरी चादर दिसली. ती दोघींनी धरली, आणि सावली पाहिजे तेवढीच उजळली. पाकिटाचा फोटो काढताना ते जरासं तिरकं केलं, झळाळी गेली आणि नाव वाचता यायला लागलं. मी गुडघ्यावर बसून कॅमेरा परातीच्या उंचीला आणला. वरून बघितलं की पूड ही नुसती पूड दिसते. समोरून बघितलं की तिचे कण दिसतात, ढिगाचा चढउतार दिसतो.

शेवटी म्हणालो, "आता हात, ताई. परवासारखा."

"डाग दिसतील."

"दिसू द्या."

तिनं चिमूट घेतली आणि तळहातावर रगडली. मी एकच फोटो काढला. एवढ्याचीच गरज होती.

स्टुडिओत आल्यावर फोटो कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा, खरं सांगतो, बोट वळवळलं. माउस आपोआप त्या जागेवर गेला. डाग तिथंच होते, काळे, दोन. मी कॉम्प्युटर बंद केला, कार्ड काढलं आणि तिच्या मुलीला फोन लावला, "बाई, आत्ताच्या आत्ता येऊन घेऊन जा. माझ्याकडं ठेवू नको."

अर्ज गेला. मग वाट बघणं आलं. माझा त्यात काय संबंध? पण मी दिवसातून चारदा फोन बघायचो. बायको म्हणायची, "स्वतःच्या बारावीच्या निकालाला एवढे घाबरला नसाल." एका दुपारी मुलीचा फोन आला. आवाजावरून काही कळेना, ती हसत होती का रडत होती.

"काका, पुडी फोडली! तिथल्या बाईंनी फोटो बाजूला ठेवला, शेजारी येसर ओतला आणि बघत बसल्या. मग म्हणाल्या, दोन्ही एकच आहे की. जागा मिळाली, काका!"

मी चहावाल्याला हाक मारून सगळ्या गाळ्यांना चहा पाजला. त्यानं विचारलं, "किस खुशी में, उस्ताद?" मी म्हणालो, "मिट्टी की खुशी में!"

प्रदर्शनाला मी आणि बायको, दोघं गेलो. गटाच्या स्टॉलमागं तोच तळहात, तीन फूट मोठा, डागांसकट. पुढं आमची येसरवाली बाई इस्त्रीच्या साडीत उभी. आणि एक बघण्यासारखी गोष्ट चालली होती. येणाऱ्या बायका फोटोकडं बघायच्या आणि कुणी न सांगता आपला तळहात पुढं करायच्या. ती चिमूट ठेवायची, त्या रगडायच्या, वास घ्यायच्या, आणि पाकीट घेऊन जायच्या. माझ्या बायकोनंही रगडून बघितलं. माझ्याकडं वळून म्हणाली, "बघा, ह्याला फोटो म्हणतात."

"मीच काढलाय तो!"

"तुम्ही बटण दाबलंत," ती म्हणाली. आणि खोटं काय म्हणाली?

संक्रांत झाली. पुढच्याच आठवड्यात दोघी मायलेकी दुकानात हजर. मला वाटलं, नव्या मालाचे फोटो असतील. बाईनं मुलीला पुढं केलं.

"दादा, हिचा काढायचाय. स्थळासाठी."

"माझ्याकडं?"

"मग कुणाकडं?"

मी स्टूल उचललं. लाइटखाली नाही, दुकानाच्या दाराशी नेऊन ठेवलं. मुलगी बसली, आईसारखीच सावळी, केस नीट विंचरलेले. माझा हात सवयीनं ड्रॉवरकडं गेला. तीस वर्षं पावडरीचा डबा त्याच ड्रॉवरात आहे. मी ड्रॉवर ढकलून लावला आणि कॅमेरा घेतला.

"हसू का, काका?" मुलीनं विचारलं.

"हस की. मोकळी हस."

ती हसली. फोटो काढला, प्रिंट काढली, त्याला कसलाच हात लावला नाही. बाईनं प्रिंट घेतली आणि दारात गेली. उजेडात धरली. फोटोकडं बघितलं, मुलीकडं बघितलं, परत फोटोकडं. मी काउंटरमागं हात बांधून उभा होतो. कुठल्याच गिऱ्हाइकापुढं मी असा उभा राहिलो नव्हतो.

"व्हय," ती म्हणाली. "हीच हाय."